मापात पाप: कॅलिब्रेशन खरंच लागतं की नुसता स्टिकर?

खिळेमोळे | सोमवार, रात्री ९:१२

मंडळी, डोकं तापलंय म्हणून धागा काढतोय. परवा आमच्याकडे ग्राहकाचा ऑडिटर आला होता. शाफ्ट बघितले नाहीत, मशीन बघितलं नाही, थेट क्यूसीच्या (माल तपासणीच्या) टेबलावरचे मायक्रोमीटर, म्हणजे शाफ्टची जाडी मोजायची उपकरणं, उचलले आणि उलटसुलट करून स्टिकर वाचायला लागला. सहा नगांची तारीख दोन महिन्यांपूर्वी उलटून गेलेली. झाली एनसी, म्हणजे नियमभंगाची नोंद.

आता माझं म्हणणं ऐका. हे मायक्रोमीटर आम्ही तळहाताच्या फोडासारखे जपतो. रोज सकाळी तोंड मिटवून शून्य बघतो, शून्याला शून्य. एकच शाफ्ट मी मोजला काय आणि सहकाऱ्याने मोजला काय, आकडा तोच. दर वर्षी ते कॅलिब्रेशनला, म्हणजे तपासायला, बाहेर पाठवायचे, आठवडाभर अडून बसायचं आणि परत येतात ते तसेच्या तसे. वर एक नवा स्टिकर आणि फाईलला लावायला एक कागद. म्हणजे नेमकं झालं काय? उपकरणाला हवापालट करून आणली?

ही खरी गरज आहे की ऑडिटरांची सोय? अनुभव सांगा, पुस्तकी नको.

निवांत_नाना | सोमवार, रात्री ९:१५

पहिला! सतरंजी टाकून बसलोय. चालू द्या.

हजरजबाबी | सोमवार, रात्री ९:३१

"शाफ्ट बघितले नाहीत, स्टिकर वाचला." लोल. त्यालाही चष्म्याचा नंबर तपासून घ्यायला सांगायचं होतंत.

मामा_मायक्रोमीटर | सोमवार, रात्री १०:०४

तीस वर्षं हेच केलं, त्यामुळे राहवत नाही.

खिळेमोळे, तोंड मिटवून शून्य आलं म्हणजे तो शून्यावर बरोबर आहे, एवढंच कळलं. तुम्ही शून्य मिलिमीटरचे शाफ्ट बनवता का? मायक्रोमीटर म्हणजे शेवटी एका फेरीत अर्धा मिलिमीटर सरकणारा एक स्क्रू. तो सगळीकडे सारखा झिजत नाही. वर्षानुवर्षं बारा-तेरा मिलिमीटरचाच माल मोजला तर आटे तिथेच खाल्ले जाणार. शून्याला चकचकीत आणि तेराला घासलेला, असे कितीतरी या हातांनी बाजूला काढलेत.

कॅलिब्रेशनवाला स्लिप गेज (नेमक्या जाडीचे ठोकळे) धरून तो ठिकठिकाणी तपासतो. आकडेही गमतीचे असतात: २.५, ५.१, ७.७, १०.३, १२.९, १५, १७.६, २०.२, २२.८, २५. नवखी पोरं विचारतात, सरळ ५, १०, १५, २० का नाही? कारण त्या प्रत्येकाला थिंबल (स्क्रू फिरवायची, रेघांची नळी) पूर्ण फेऱ्या मारून त्याच रेघेवर येऊन थांबतो. फेरीच्या मध्ये कुठे स्क्रू लंगडत असेल तर जन्मात कळणार नाही. वरच्या आकड्यांना थिंबल दर वेळी पाचव्या हिश्श्याने पुढे सरकून थांबतो. ज्याने कोणी हे ठरवलं त्याला माझा दंडवत.

आणि दोघांनी एकाच मायक्रोमीटरने मोजून आकडा एकच आला, यात नवल ते काय? एकाच साक्षीदाराला दोनदा विचारलंत.

आमचा एक अख्खा लॉट परत आला होता, बेअरिंग बसेना म्हणून. नाचता येईना अंगण वाकडं, असं म्हणून आम्ही ग्राहकालाच चार शब्द सुनावले. मग दुसऱ्या मायक्रोमीटरने मोजून पाहिलं तर सहा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) फरक. अंगण खरंच वाकडं होतं, आणि ते आमचं होतं.

दुर्बीणवाला | सोमवार, रात्री १०:४०

मामांच्या गोष्टीचा थोरला भाऊ सांगतो. हबल दुर्बीण एप्रिल १९९० मध्ये वर गेली आणि तारे धुरकट दिसायला लागले. तिचा २.४ मीटरचा आरसा कडेला सुमारे २.२ मायक्रॉन जास्त घासला गेला होता. घासणाऱ्यांचा हात कच्चा नव्हता, कामात सफाई अप्रतिम होती. पण आरशाचा आकार तपासायला जे उपकरण वापरलं, नल करेक्टर म्हणतात त्याला, त्यातलं एक भिंग १.३ मिलिमीटर चुकीच्या जागी बसवलं गेलं होतं. उपकरण म्हणालं अजून घासा, यांनी घासलं. चुकीचा आकार अत्यंत अचूकपणे तयार झाला.

जीव जळतो तो पुढच्या भागाला. आणखी दोन उपकरणांनी तपासणीत गडबड दाखवली होती. पण ती कमी दर्जाची, म्हणून तीच चुकत असणार असं धरलं. कुंपण शेत खात होतं आणि ओरडणाऱ्या राखणदाराला वेड्यात काढलं. डिसेंबर १९९३ मध्ये अंतराळवीरांनी जाऊन तिला एक प्रकारे चष्मा लावला, तेव्हा कुठे नीट दिसू लागलं.

हजरजबाबी | सोमवार, रात्री १०:४६

म्हणजे दुसरा साक्षीदार बोलावला, तो खरं बोलला, आणि त्यालाच हाकललं. आमच्या ऑफिसातल्या मीटिंगा आठवल्या.

अनामिक_पाखरू | सोमवार, रात्री ११:०२

१९९९ मध्ये मंगळाजवळ हरवलेलं ते अमेरिकन यान पण असंच ना?

दुर्बीणवाला | सोमवार, रात्री ११:१०

नाही हो, ती एककांची भानगड. एका सॉफ्टवेअरने पौंड-सेकंदांत आकडे दिले आणि दुसऱ्याने ते न्यूटन-सेकंद समजून घेतले. मापं बरोबरच होती, भाषा वेगळी होती. ही गोष्ट प्रत्येक कॅलिब्रेशनच्या चर्चेत घुसते. तिचा वेगळा धागा काढा, मी येतो.

उलटतपासणी | मंगळवार, सकाळी ८:२०

मामा, भावना पोहोचल्या. पण मी खिळेमोळेंच्या बाजूने.

वर्षातून एकदा हा आकडा आला कुठून? तीनशे चौसष्टाव्या दिवशी उपकरण बरोबर आणि तीनशे सहासष्टाव्या दिवशी चूक? रोज शंभर वेळा वापरलेला मायक्रोमीटर आणि कपाटात पडून असलेला मायक्रोमीटर, दोघांना एकच तारीख. आमच्याकडे तर पोलादी पट्टीलासुद्धा स्टिकर लावतात. नाकापेक्षा मोती जड.

दुसरं, ज्या स्लिप गेजने तपासता ते कोणी तपासलं? ते ज्याने तपासलं ते कोणी? कुठे तरी एक माणूस बसला असणार जो म्हणतो, "मी म्हणतो म्हणून बरोबर."

प्रयोगशाळेतली_चिमणी | मंगळवार, सकाळी ९:०५

उलटतपासणी, पहिला मुद्दा शंभर टक्के मान्य. वर्ष ही निव्वळ सवय आहे. किती दिवसांनी तपासायचं हे उपकरण वापरणाऱ्याने ठरवायचं असतं. कॅलिब्रेशन लॅबसाठी आयएसओ १७०२५ हे मानक आहे. त्यात तर ग्राहकाशी तसं ठरलेलं नसेल तर लॅबने प्रमाणपत्रावर पुढच्या तारखेची शिफारस करू नये असं म्हटलंय. ती तारीख लॅबच देते असं बहुतेकांना वाटतं. ऑडिटर जी तारीख बघून एनसी टाकतो ती तुमच्याच ऑफिसात ठरलेली असते.

मूळ गैरसमज मात्र वेगळाच आहे, आणि तो खिळेमोळेंच्या "तसेच्या तसे परत येतात" या वाक्यात आहे. तसंच परत येणार! कॅलिब्रेशन म्हणजे दुरुस्ती नव्हे. उपकरण किती चुकतं ते मोजून लिहून देणं म्हणजे कॅलिब्रेशन. चूक काढून टाकणं हे ॲडजस्टमेंट, ते वेगळं काम. तुम्ही विकत घेताय तो कागद. स्टिकर नुसतं कागदाचं झाकण.

त्या कागदावर दोन रकाने बघा. एक एरर, म्हणजे त्या ठिकाणी उपकरण किती चुकलं. दुसरा अनिश्चितता, म्हणजे लॅबला स्वतःच्या मोजण्याबद्दल किती खात्री आहे. दुसरा रकानाच नसेल तर तो कागद पुडी बांधायला घ्या.

आमच्याकडे पीएच मीटर रोज ४, ७ आणि १० च्या बफरने (पीएच आधीच माहीत असलेल्या द्रावणाने) लावून घेतो. खरं तर हे ॲडजस्टमेंटच, पण बोलताना सगळे कॅलिब्रेशनच म्हणतात, मीही म्हणते. प्रोब चांगला असेल तर २५ अंशांना दर पीएचला ५९ मिलिव्होल्टच्या आसपास फरक देतो. तो उतार आम्ही रोज वहीत लिहितो. एकदा उतार हळूहळू पडत चालला होता. मीटर मात्र रोज ७ ला ७ आणि ४ ला ४ दाखवत होतं, कारण आम्हीच ते रोज ओढून आणत होतो. वही नसती तर प्रोब मरेपर्यंत कळलं नसतं. कोणीतरी तो आठवडाभर डिस्टिल्ड पाण्यात बुडवून ठेवला होता. (कोणीतरी म्हणजे मीच. तेव्हा नवीन होते.)

वजनदार | मंगळवार, सकाळी ९:४८

उलटतपासणींच्या "मी म्हणतो म्हणून बरोबर"बद्दल. २०१९ पर्यंत अगदी हेच होतं! पॅरिसजवळ सेव्हरला प्लॅटिनम आणि इरिडियमचा एक ठोकळा, १८८९ पासूनचा. तो म्हणजे किलोग्रॅम. व्याख्याच तशी. काचेच्या झाकणांखाली, तिजोरीत. त्याच्या जुळ्या भावंडांशी फार क्वचित तुलना व्हायची. शंभर वर्षांत त्यांच्यात ५० मायक्रोग्रॅमच्या आसपास फरक पडलेला दिसला. आता मूळ ठोकळा हलका झाला की बाकीचे जड झाले? विचारायची सोयच नाही, कारण त्याचं वजन व्याख्येनेच एक किलो.

आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार, म्हणून शेवटी आडच बदलला. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या प्लँकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावरून, करतात. मीटर तर १९८३ पासूनच प्रकाशाच्या वेगावर टेकलाय. त्यामुळे आता साखळीच्या टोकाला माणूस नाही, ठोकळाही नाही. मधल्या कड्या मात्र आहेतच आणि दर कडीला अनिश्चितता थोडी वाढते. म्हणून तर चिमणीताई म्हणतात तो दुसरा रकाना.

उलटतपासणी | मंगळवार, सकाळी १०:१०

ही माहिती आवडली. पट्टीच्या स्टिकरवर अजून ठाम आहे.

गजर_बंद | मंगळवार, सकाळी १०:३३

म्हणजे माझं घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे आणि मला ते माहीत आहे, तर ते कॅलिब्रेटेड आहे?

प्रयोगशाळेतली_चिमणी | मंगळवार, सकाळी १०:४१

हो! आणि मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करता त्याला करेक्शन म्हणतात. दहाच मिनिटं पुढे आहे हे शेवटचं कधी तपासलंत, एवढंच सांगा.

गजर_बंद | मंगळवार, सकाळी १०:५२

आत्ता तपासलं. चौदा. म्हणूनच बस चुकत नाही तर.

गाडीवान | मंगळवार, दुपारी १:१५

मुद्दाम चुकीचं ठेवलेलं उपकरण बघायचं असेल तर गाडीचा स्पीडोमीटर बघा. संयुक्त राष्ट्रांच्या वाहन नियमावलीत असं आहे की त्याने खऱ्यापेक्षा कमी वेग कधीही दाखवायचा नाही. जास्त दाखवला तर चालतो, खऱ्या वेगाच्या १० टक्के अधिक ताशी ४ किलोमीटरपर्यंत. म्हणून जीपीएसवर वेग कमी दिसतो आणि लोकांना वाटतं जीपीएस मंद आहे.

स्टेथो_आणि_सुई | मंगळवार, दुपारी २:४०

शाफ्ट परत येतात, माणसं येत नाहीत, म्हणून दोन गोष्टी लिहिते.

१९९६ मध्ये कोस्टा रिकातल्या एका रुग्णालयात किरणोपचाराच्या यंत्रात कोबाल्टचा नवा स्रोत बसवला. तो किती मारा करतो हे मोजून रुग्णांना किती वेळ ठेवायचं ते ठरवतात. मोजताना घेतलेली वेळ होती ०.३ मिनिट, म्हणजे १८ सेकंद. हिशेबात ती ३० सेकंद धरली गेली. त्यामुळे स्रोत खऱ्यापेक्षा दुबळा वाटला आणि शंभराहून जास्त रुग्णांना ठरल्यापेक्षा निम्म्याहून अधिक जादा मात्रा गेली. यंत्र ठणठणीत होतं. कॅलिब्रेशनही "झालेलं" होतं. दुसऱ्या कोणी स्वतंत्रपणे मोजून पाहिलं नव्हतं.

दुसरी गोष्ट बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरची. तो ऑक्सिजन थेट मोजत नाही. दोन रंगांचा प्रकाश किती शोषला गेला ते बघतो आणि आत साठवलेल्या तक्त्यावरून टक्के सांगतो. तो तक्ता निरोगी स्वयंसेवकांच्या रक्तातला ऑक्सिजन ७० टक्क्यांपर्यंत उतरवून बनवतात. त्याखालचे आकडे अंदाजाने ओढलेली रेघ. आणि स्वयंसेवकांमध्ये सावळी माणसं कमी असतील तर? अमेरिकेतल्या रुग्णांवरचा एक अभ्यास डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात ऑक्सिमीटरच्या नजरेतून सुटलेली ऑक्सिजनची कमतरता कृष्णवर्णीय रुग्णांमध्ये गोऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट वेळा आढळली. स्टिकर सगळ्या ऑक्सिमीटरांवर होते.

निवांत_नाना | मंगळवार, दुपारी २:५५

सतरंजीवर जरा सावरून बसलो.

ढगातला_माणूस | मंगळवार, सायंकाळी ६:०५

डॉक्टरांच्या पहिल्या गोष्टीवरून. कॅलिब्रेशन केल्यामुळे पडलेलं विमानही आहे. फेब्रुवारी २००८, ग्वाम बेट, बी-२ बॉम्बर. हवेचा दाब मोजणारे २४ सेन्सर. त्यातल्या तिघांत पावसाळी हवेने ओल शिरलेली. उड्डाणाआधी नेमकं तेव्हाच कॅलिब्रेशन केलं गेलं, म्हणजे ओल्या सेन्सरांचा चुकलेला आकडा हाच योग्य असं संगणकाला शिकवलं. मग सेन्सर तापवण्याची यंत्रणा चालू झाली, ओल उडाली, सेन्सर बरोबर सांगू लागले आणि संगणक त्यात शिकवलेली दुरुस्ती घालत बसला. विमानाने धावपट्टी सोडताच नाक वर काढलं आणि कोसळलं. दोघे वैमानिक वाचले. आधी सेन्सर तापवून वाळवायचे ही युक्ती काहींना ठाऊक होती, पण ती सगळ्यांपर्यंत पोहोचलीच नव्हती.

उलटतपासणी | मंगळवार, सायंकाळी ६:२०

हेच तर मी म्हणतोय! "केलं" याला अर्थ नाही, "कसं केलं" याला आहे.

मामा_मायक्रोमीटर | मंगळवार, सायंकाळी ७:३०

पटलं. आणि त्यात भर घालतो. लांबी मोजायची ती २० अंश सेल्सिअसला, हे जगभर ठरलेलं. शंभर मिलिमीटरचा पोलादी तुकडा दहा अंशांनी तापला की साडेअकरा मायक्रॉन वाढतो. आता मशीनवरून गरम शाफ्ट उचलून लगेच मायक्रोमीटर लावला तर सेव्हरहून कागद आणलात तरी उपयोग नाही. शाफ्ट निवू द्या, हात पुसा, मग मोजा. हे कॅलिब्रेशनच्या कक्षेत येतच नाही.

टॉर्क रेंचवाल्यांनीही (ठरलेल्या जोराने बोल्ट आवळायचा पाना) ऐका: काम झालं की स्प्रिंग खालच्या खुणेपर्यंत सैल करून ठेवा. आणि तिथे कालावधी नुसता महिन्यांत नसतो, ५००० वेळा कडकड झाली किंवा वर्ष झालं, जे आधी होईल ते. हा नियम उलटतपासणींना आवडेल.

वजनदार | मंगळवार, रात्री ८:१०

जागा बदलली तरी पाहा. तागडीला कुठेही न्या, दोन्ही पारड्यांवर गुरुत्वाकर्षण सारखंच ओढतं. इलेक्ट्रॉनिक काटा मात्र फक्त ओढ मोजतो. विषुववृत्तावर जुळवलेला काटा ध्रुवावर नेला तर किलोमागे पाच ग्रॅम जास्त दाखवेल. म्हणून चांगल्या काट्याबरोबर वजन देतात, जागा बदलली की पुन्हा जुळवायला.

हजरजबाबी | मंगळवार, रात्री ८:१४

वजन कमी करायचा सोपा उपाय मिळाला. ध्रुवावर काटा जुळवायचा, विषुववृत्तावर चढायचं.

खिळेमोळे | बुधवार, रात्री ९:४०

मंडळी, धागा काढून मीच पस्तावलो. सांगतो.

चिमणीताईंचं वाचून फाईल काढली. खरं सांगायचं तर ते कागद मी आजवर "पास" हा शब्द शोधण्यापुरते बघत होतो. ज्याची तारीख गेली त्यातला तीन नंबरचा मायक्रोमीटर घेतला. १२.९ च्या ओळीवर तीन वर्षांचे आकडे: अधिक १, अधिक २, अधिक ४ मायक्रॉन. बाकी सगळ्या ओळी शांत. तिन्ही वेळा पास, कारण ४ पर्यंत चालतं. मामा, आम्ही दिवसभर त्याने १२.९ च्या जवळचाच शाफ्ट मोजतो.

मग टूलरूममधून स्लिप गेज आणले, तासभर शेजारी ठेवून दिले आणि आज लावून पाहिलं. अधिक ७. शून्याला अजूनही शून्य! आमचा टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, एकूण १५ मायक्रॉनचा.

ऑडिटरला अजून मी तोंड वर करून काही बोलणार नाही, पण शिव्या मागे घेतो. पुढे काय करू?

मामा_मायक्रोमीटर | बुधवार, रात्री १०:०५

तो मायक्रोमीटर जास्त दाखवतोय, म्हणजे खरा शाफ्ट त्याहून बारीक. वरच्या टोकाला पास झालेल्यांची काळजी नको. खालच्या टोकाला जेमतेम पास झालेले शोधा, ते खरे तर नापास असू शकतात. गेलेल्या दोन महिन्यांचेच नाही, मागच्या कागदानंतरचे सगळे. रीडिंग लिहिलेली आहेत ना?

खिळेमोळे | बुधवार, रात्री १०:१२

आहेत. पण कुठला शाफ्ट कुठल्या मायक्रोमीटरने मोजला ते लिहिलेलं नाही.

मामा_मायक्रोमीटर | बुधवार, रात्री १०:१५

अरे देवा.

प्रयोगशाळेतली_चिमणी | बुधवार, रात्री १०:२४

घाबरू नका. गोदामात जो माल आहे त्यातले खालच्या टोकाचे नग दुसऱ्या तपासलेल्या मायक्रोमीटरने पुन्हा मोजा, आणि जे गेलेत त्याबद्दल ग्राहकाला स्वतः होऊन कळवा. तीन नंबर बाजूला काढा, लाल पट्टी लावा. लॅबला पाठवताना "आधी जसा आहे तसे आकडे लिहा, मगच हात लावा" असं सांगा, नाहीतर ते साफसूफ करून देतील आणि पुरावा जाईल. बाकी पाचांच्या फायली बघितल्या का?

खिळेमोळे | बुधवार, रात्री १०:३८

दोघांच्या बघितल्या. एकाच्या चार वर्षांत सगळ्या ओळी जशाच्या तशा. तो कपाटातलाच, क्वचित निघतो. त्याची मुदत दोन वर्षं करून घेतो, हे उलटतपासणींच्या खाती. पट्टीचा स्टिकरही काढतो.

उलटतपासणी | बुधवार, रात्री १०:४०

न्याय झाला.

निवांत_नाना | बुधवार, रात्री १०:४३

सतरंजी गुंडाळू का?

खिळेमोळे | बुधवार, रात्री १०:४५

थांबा नाना, अजून तीन फायली राहिल्यात.